हैबतराजे यांची आडवी दाढ

श्री. ज्याच्या मुखी एकच दंत आणि तोही साऱ्या जगास दिसावा ऐसा, त्या गजवदनाचे चरणी मस्तक ठेवून, आणि जिने या दौलतीची तोंडे आजवर राखिली त्या कुळस्वामिनीचे स्मरण करून, शके १७०२ शार्वरीनाम संवत्सरी श्रावणापासून दसऱ्यापर्यंत जे घडले ते लिहितो. हुजूरची आज्ञा जाहली की, 'तुम्ही जवळ होता, डोळ्यांनी पाहिले, तरी काही न झाकता लिहावे.' आज्ञा शिरसावंद्य. या चाकराने दोन लढाया पाहिल्या, एक किल्ला पडताना पाहिला, हत्ती पिसाळून बाजारात शिरलेला पाहिला, त्या कशानेही मन इतके हादरले नव्हते. धन्याच्या तोंडात परक्या माणसाचे बोट मुळापावेतो गेलेले मात्र कधी पाहिले नव्हते. तेही पाहिले. आणि त्याहून भयंकर पुढेच आहे.

ऐसियास, या दौलतीचे धनी श्रीमंत हैबतराजे. वडील महाराज कैलासवासी जाहले तेव्हा राजे आठ वर्षांचे होते, म्हणोन कारभार शिदोपंत कारभारी यांजकडे आला. शिदोपंत मोठे करते पुरुष, पहाटे उठावे, सर्व महालांची खबर घ्यावी, एक पैची अफरातफर खपवू नये, आणि दरबारी राजे गादीवर बसले की आपण गादीच्या उजवे बाजूस ताठ उभे राहावे. कोणी अर्ज केला की पंतांनी म्हणावे, 'महाराजांची मर्जी ऐसी आहे की,' आणि पुढे मर्जी काय ती सांगावी, आणि राजांनी मान हलवावी. ऐसे बारा वर्षे चालले. या बारा वर्षांत भर दरबारी राजांचा आवाज कोणी ऐकिला नाही. आता या दौलतीचा कायदा ऐसा की, धनी विशीत आला म्हणजे त्या सालच्या दसऱ्यास भर दरबारी त्याने स्वमुखे म्हणावे, 'आम्ही राज्य घेतले,' आणि ते देवडीवरच्या चोपदारास ऐकू गेले पाहिजे आणि चोपदाराने तेथून 'ऐकिले' म्हणोन पुकारा केला पाहिजे. तसे जाहले तर राज्य धन्याचे. न जाहले तर आणखी बारा वर्षे कारभारी. राजे श्रावणापासून महालात दार लावून हे तीन शब्द घोकीत होते, कधी मोठ्याने, कधी हळू, कधी रागे भरून, आणि त्यांच्या वडील भगिनी अक्कासाहेब बाहेरच्या सोप्यात बसून आतून येणारा आवाज ऐकत आणि 'अजून थोडे मोठ्याने' म्हणत. राजांस दुसरे काही नको होते. खजिना नको, शिकार नको. आपले तोंड आपल्या कामास यावे इतकेच हवे होते.

आता येथील एक रिवाज सांगतो, तो कळल्याखेरीज पुढले काही उमजायचे नाही. राजांचे आजोबा एकदा पडशाने बेजार असता दरबारात शिंकले, आणि त्याच घटकेस एका शिलेदारासही खरीच शिंक आली. थोरले महाराज प्रसन्न होऊन बोलले, 'आमचे पडसे यास जाहले, इतकी याची माया,' आणि त्यास गाव इनाम दिला. झाले. दुसरे दिवशी दरबारात शिंकल्यावाचून एक माणूस राहिला नाही. तेव्हापासून धन्यास जे दुखेल ते दरबारास दुखावे, आणि धन्यास जे दुखत नाही ते दरबारात कोणास दुखू नये, ऐसा रिवाज पडला, त्यास सामीलकी म्हणतात, आणि शिदोपंतांनी तो फारच कडक केला. राजांस लहानपणी कांजिण्या आल्या तेव्हा साठीच्या सरदारांनी अंगावर कुंकवाचे ठिपके देऊन मुजरे केले. राजांचे डोळे आले तेव्हा सगळा दरबार डोळ्यांत कांद्याचा रस घालून बसला, आणि त्या दिवशी कोणत्या हुकुमावर कोणी शिक्का मारिला हे कोणास दिसले नाही, ते निस्तरायला वर्ष गेले. आम्ही सर्व यास निष्ठा म्हणत होतो आणि मनापासून म्हणत होतो, हेही लिहिले पाहिजे.

तो भाद्रपदात, गौरी गेल्या आणि राजांच्या डाव्या जबड्यात मागे कळ आली. विशीत माणसास शेवटली दाढ येते तीच ही, अक्कलदाढ म्हणतात ती. आधी राजे काही बोलले नाहीत, मग जेवताना घास एकाच बाजूने खाऊ लागले, मग गालास सूज आली, मग ताप आला, आणि मग जबडा ऐसा धरला की तोंडात एक बोट जेमतेम जावे. राजवैद्य धोंडभट यांस पाचारण जाहले. परंतु येथील दुसरी रीत ऐसी की धन्याचे तोंड आतून कोणी पाहू नये. धनी जेवतात तेदेखील पडद्याआड. तेव्हा धोंडभटांनी बाहेरूनच गाल पाहिला, बाहेरूनच आंबेहळदीचा लेप दिला, लवंगेचे तेल बाहेरूनच चोळिले, आणि सूज रोज वाढत असता रोज म्हणाले, 'उतार आहे.' इकडे दरबाराने सामीलकी सुरू केली. प्रत्येकाने डाव्या गालफडात एक रोठा सुपारी धरिली, हनुवटीखालून शेला घेऊन डोक्यावर गाठ मारिली, आणि कण्हत मुजरा केला. एक हिशेबनीस बिचारा घाईत उजव्या गालात सुपारी घालून आला, त्यास देवडीवरून परत पाठविले. तोंडात सुपारी असल्याने कोणाचे बोलणे कोणास कळेना, सरहद्दीवरून आलेला वकील सकाळपासून दुपारपर्यंत बोलत होता आणि त्यास सगळ्यांनी 'हं हं' एवढेच उत्तर दिले, आणि तो घाबरून सुटला की या दौलतीत कसली साथ आली म्हणोन. पेठेत सुपारी मिळेनाशी जाहली. राजे मात्र पडद्याआड पेजेचे पाणी ओठांच्या फटीतून ओढीत होते, आणि घोकणे बंद पडले होते, कारण 'आम्ही' म्हणावयास ओठ उघडले की डोळ्यांपुढे अंधारी येई.

दसरा जवळ आला तेव्हा पंतांनी मसलतीत सुपारी गालात सरकवून सांगितले, 'महाराजांस बोलवत नाही. दैवाची गोष्ट. आम्ही काय राज्य खातो आहो काय? ओझे वाहतो, आणखी बारा वर्षे वाहू.' पंत कपटी नव्हते. त्यांस खरेच वाटत होते की पोराच्या हाती राज्य गेले तर बुडेल, आणि देवाने दाढ धाडून ते वाचविले. परंतु अक्कासाहेबांस हे कळले तेव्हा त्यांनी कोणास न विचारिता छावणीत स्वार पाठविला आणि दावल जर्राहास बोलावून घेतले. हा दावल म्हणजे फौजेतला हाडवैद्य, गोळ्या काढणारा, दात उपटणारा, तुटली बोटे शिवणारा. हात चांगला, परंतु तोंड ऐसे की ऐकणाऱ्याने कान झाकावे, आणि गर्व म्हणाल तर वजिरास लाजवील इतका. त्याने पालखी मागितली, ती दिली. छत्री मागितली, तीही दिली. मग तो दरबारात आला, सगळे गाल पाहिले, आणि मुजरा करण्याआधीच बोलला, 'हितं कुणाचा गाल खरा सुजलाय ते तरी सांगा.' अक्कासाहेबांनी पडद्याआडून सांगितले, 'गादीवर बसले आहेत त्यांचा.' तसा दावल गादीच्या पायऱ्या चढला, चढला म्हणजे चपला काढून चढला इतकेच काय ते भले, आणि धन्याच्या पुढ्यात गुडघा टेकून म्हणाला, 'तोंड उघडा.'

पंत ओरडले, 'अरे, धन्याचे तोंड आहे.' दावल म्हणाला, 'धन्याचं म्हणूनच उघडा म्हणतोय. माझं असतं तर मी उघडलं असतं.' आणि राजांनी, हे लिहिताना लाज वाटते, तोंड उघडले. जितके उघडले तितके. दावलाने चांदीची एक सळई आणि आपले बोट आत घातले, एक सरदार भिंतीशी टेकला, दुसऱ्याने डोळे मिटून घेतले, आणि या चाकराच्या हातून लेखणी गळून गालिच्यावर शाई सांडली, तो डाग अद्याप आहे. हात काढून दावलाने बोट आपल्या शेल्यास पुसले. म्हणाला, 'दाढ सरळ आलीच न्हाई. गल्लीत म्हैस आडवी बसावी तशी आडवी बसलीया, पुढच्या दाढंवर रेटा देतीया. निम्मी हाडात हाय, निम्मीवर हिरडीची झापड हाय, त्या झापडीखाली अन्न कुजून पू झालाय. लेप लावून काय व्हतंय? पू गळ्याकडं उतरला तर श्वास कोंडंल. काढावी लागंल.' मग राजांकडे पाहून सांगितले, 'आज काढली तर दसऱ्याला हळू का हुईना बोलाल. न्हाई काढली तर दसऱ्याला असाल का, ते मी सांगत न्हाई.' राजांनी मान हलविली. ती मान बारा वर्षे हलत आली होती, परंतु त्या दिवशी पंतांनी सांगण्याआधी हलली, हे मी पाहिले.

येथे जी गोष्ट जाहली ती कोणी मनात आणिली नव्हती. वाटले होते की सारे म्हणतील, काढा, धनी वाचवा. तो एक सरदार हळूच बोलला, 'आणि सामीलकी?' सगळ्यांच्या एकदम ध्यानात आले. धन्याची दाढ निघाली तर दरबाराची दाढ निघाली पाहिजे. ज्या पुरुषांनी तोफेच्या तोंडी घोडी घातली, ज्यांच्या अंगावर जखमा मोजाव्यात, त्यांचे चेहरे पिठासारखे पांढरे पडले. एकजण म्हणाला, 'दाढ ही देवाची देणगी, ती काढणे पाप.' एकजण म्हणाला, 'लेपाने उतार आहे, धोंडभट सांगतातच.' एकजण म्हणाला, 'माझी मुलगी लग्नाची आहे,' त्याचा येथे काय संबंध ते कोणी विचारिले नाही. पंतांनी निवाडा दिला, 'रिवाज म्हणजे रिवाज. धन्याची निघाली तर आमची सर्वांची निघेल, माझी प्रथम. म्हणोन धन्याची निघू नये ऐसी सर्वांची विनंती आहे.' आणि पुढे सवयीने म्हणाले, 'महाराजांची मर्जी ऐसी आहे की दाढ राहावी.' दोनशे माणसांनी सुपारी धरलेल्या तोंडाने होकार दिला. आमची निष्ठा ऐसी निघाली की धन्याचा गळा कोंडला तरी चालेल, आमची दाढ हलता नये. होकार देणाऱ्यांत मीही होतो की नाही हे लिहिण्याची आज्ञा नाही. दावल पायऱ्या उतरताना म्हणाला, 'मी गोळी लागल्याली माणसं लई बघितली. गोळी आत ठिवा म्हणणारं गाव पहिलंच.'

ललितापंचमीच्या दुपारी, दरबार जेवून आडवा जाहला तेव्हा, अक्कासाहेबांनी राजांस आपल्या महालात नेले, दावलास मागल्या दाराने घेतले, आणि मला बोलावून म्हणाल्या, 'तुम्ही बखरकार. पाहणारा एक असावा. तोंडातली सुपारी थुंका आणि उभे राहा.' मी सुपारी थुंकली आणि उभा राहिलो. राजांस अफूची गोळी दिली, अक्कासाहेबांनी त्यांचे डोके मांडीवर घट्ट धरिले. दावलाने हिरडी चिरली. मग छोटी छिन्नी आणि हातोडी घेतली, जैसी सोनाराची असते तैसी, आणि दाढेचे जागेवरच दोन तुकडे केले, कारण म्हैस आडवी असता तशीच ओढू म्हटले तर गल्लीच मोडेल. तो आवाज मी ऐकिला. मडके फुटते तैसा होता, परंतु माणसाच्या डोक्यातून येत होता. राजांनी एका हाताने अक्कासाहेबांचे मनगट धरिले होते, ते ऐसे आवळले की त्यांची बांगडी वाकली. मग पहिला तुकडा निघाला, मग दुसरा, मुळे वाकडी, पुवाने माखलेली. दावलाने ती थाळीत टाकिली, टांका घातला, कापसाची घडी जागेवर ठेवून जबडा मिटविला आणि म्हणाला, 'दाबून धरा.' राजांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. या चाकराच्याही.

मग दावलाने बजावले आणि मोठ्या मिजाशीने बजावले, 'आता त्या भोकात रक्त गोठंल. ते गोठल्यालं रक्त म्हंजे छप्पर हाय. ते ऱ्हायलं तर खाली हाड भरून यील. थुंकायचं न्हाई, चूळ जोरानं भरायची न्हाई, उद्यापासनं मिठाचं कोमट पाणी नुसतं तोंडात फिरवून सांडून द्यायचं. पेज खायाची, तीबी चमच्यानं. आन काई ओढायचं न्हाई. हुक्का तर न्हाईच न्हाई. छप्पर उडालं तर हाड उघडं पडतंय, आन मग मागचं दुखणं बरं हुतं म्हणाल.' अक्कासाहेबांनी सर्व पाठ केले. दाढ निघाल्याची गोष्ट बाहेर फुटू नये म्हणोन दावलास छावणीत परत पाठविले. दुसरे दिवशी सूज उलट वाढली, दावल म्हणाला होता की वाढेल, आणि दरबाराने ती पाहून गालात एकाच्या जागी दोन सुपाऱ्या धरिल्या. मग सूज ओसरू लागली, राजांचे तोंड एकाच्या जागी दोन बोटे उघडू लागले, ताप गेला. अष्टमीच्या दिवशी आतून हळू आवाज आला, 'आम्ही,' आणि थोड्या वेळाने, 'राज्य.' अक्कासाहेब सोप्यात बसून होत्या, त्यांनी पदर तोंडास लाविला.

मग खंडेनवमी आली. शस्त्रपूजा जाहली की कारभाऱ्याने धन्यास आपल्या हाताने हुक्का द्यावा आणि धन्याने ओढावा, ऐसी रीत. धन्याने नाकारिला तर धन्याचे आणि कारभाऱ्याचे बिनसले ऐसा अर्थ, आणि मग समेट होईपर्यंत दरबार भरत नाही. म्हणजे दसरा हुकला. पंतांनी हुक्का भरून, गुलाबपाणी घालून, नळी पुढे केली. पंतांस दाढ निघाल्याचे काही ठाऊक नव्हते, त्यांच्या मनात प्रेमच होते. राजांनी अक्कासाहेबांच्या चिकाच्या पडद्याकडे पाहिले. पडदा हलला नाही. काय सांगावे, घेतला तर दावलाचे बोलणे, न घेतला तर बारा वर्षे. राजांनी नळी ओठांस लाविली आणि ओढिली. ओढताच त्यांचा डोळा मिटला, तो मी पाहिला. त्यांनी धूर सोडिला, त्यास लाल झाक नव्हती, परंतु ओठ टिपिले त्या रुमालास होती. संध्याकाळपावेतो कळ कानात चढली, मग कपाळात, मग डोळ्यामागे. उघड्या हाडाचे दुखणे. दावलास आणण्यास स्वार सुटला, परंतु छावणी लांब. रात्र राजांनी भिंतीस डोके टेकून उभ्याने काढिली.

दसऱ्याचा सूर्य उगवला, दरबार भरला, तोरणे लागली, नगारा जाहला. राजे गादीवर आले, तोंडाचा रंग राखेसारखा. पंत उजवे बाजूस उभे राहिले आणि कायद्याप्रमाणे बोलले, 'महाराज, दौलत विचारिते, राज्य कोणाचे?' राजांनी तोंड उघडले. सकाळचा गार वारा आत गेला, उघड्या हाडास लागला, आणि त्यांच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती मी जन्मात विसरणार नाही. जनावर खाटकापुढेही तैसे ओरडत नाही. आणि मग जे जाहले ते लिहितो, कोणास खरे वाटो न वाटो. धनी ओरडला म्हणोन दोनशे माणसे ओरडली. सामीलकी. सरदार ओरडले, शिलेदार ओरडले, धोंडभट ओरडले, सुपाऱ्या तोंडांतून उडून गालिच्यावर घरंगळल्या, बाहेर हत्तीने साखळी तोडिली, पेठेत लोकांनी शत्रू आला म्हणोन दुकाने लाविली. आणि त्या कल्लोळात मी गादीच्या पायाशी बसलो होतो म्हणोन मला दिसले की राजांचे ओठ हलत आहेत. ते म्हणत होते. दुखत असता, रडत असता, 'आम्ही राज्य घेतले' म्हणत होते, पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि कोणास ऐकू येत नव्हते, कारण त्यांच्या दुःखात सामील होण्यात सगळे दंग होते. देवडीवरचा चोपदारही ओरडत होता. पंतांनी घटकाभर पाहिले आणि हात वर करून म्हणाले, 'महाराज काही बोलले नाहीत.'

तेव्हा राजे उठले. दसऱ्याच्या दरबारी धन्याने मध्येच गादीवरून उठू नये ऐसा रिवाज, तरी उठले, पायऱ्या उतरून पंतांपुढे आले, त्यांचा हात धरून त्यांस झरोक्याच्या उजेडात ओढिले, आणि त्यांच्या तोंडापुढे आपले तोंड उघडले. सर्वांदेखत. जितके उघडेल तितके आणि त्याहून जास्त, की ओठाचा कोपरा फाटला. पंतांनी नजर फिरविली, राजांनी हाताने त्यांचे डोके परत वळविले. पंतांनी वाकून पाहिले. मग त्यांचा आवाज निघाला, अगदी बारीक, 'येथली दाढ?' राजांनी मान हलविली. 'काढिली?' पुन्हा मान हलविली. हे शब्द पुढच्या रांगेने ऐकिले आणि ती गप्प जाहली. तिने मागल्या रांगेस सांगितले, तीही गप्प जाहली. ऐसे करीत किंकाळी रांगेरांगेने विझली, आणि दरबारात टाचणी पडली तरी कळावी ऐसी शांतता जाहली, कारण धन्याची दाढ गेली म्हणजे आता आपली. प्रत्येकाची जीभ आपापल्या दाढेपाशी गेली होती, ती गालावरून दिसत होती. त्या शांततेत, भीतीने जाहलेल्या त्या शांततेत, राजे एका हाताने जबडा धरून बोलले, 'आम्ही राज्य घेतले.' मोठ्याने नाही. परंतु दुसरा कोणताच आवाज नव्हता. देवडीवरून चोपदाराचा पुकारा आला, 'ऐकिले.'

पंतांनी डोक्यावरची गाठ सोडिली, शेला घडी करून बाजूस ठेविला. तोवर दावल जर्राह धुळीने माखलेला आत येऊन पोहोचला होता. पंत त्याच्यापुढे गेले, तोंड उघडले, म्हणाले, 'माझी प्रथम. एकच राहिली आहे, तीही घट्ट आहे. काढ.' थट्टा नव्हती. तो माणूस आपल्या शब्दास जागत होता. राजे म्हणाले, 'पंत, राहू द्या. आमचे दुखणे आमच्यापाशी राहील. ज्यास जे दुखते त्याने तेच सांगावे, दुसऱ्याचे सांगू नये. हा आमचा पहिला हुकूम.' बोलताना शब्दाशब्दास त्यांचा डोळा मिटत होता. मग त्यांनी पंतांकडे पाहिले आणि विचारिले, 'तुम्हांस काय दुखते?' तेव्हा पंत म्हणाले, 'गुडघे, महाराज. नऊ-दहा वर्षे जाहली. रात्री उशी घालून निजतो.' राजे म्हणाले, 'मग रोज दिवसभर उभे का राहता?' पंत म्हणाले, 'महाराजांचे गुडघे दुखत नव्हते.'

राजांनी त्यांस दंडास धरून गादीच्या पायरीवर बसविले. पंत बसताना कण्हले, आणि तो आवाज त्या साऱ्या महिन्यात दरबारात ऐकिलेल्या कोणत्याही आवाजासारखा नव्हता. मग मागून एकजण म्हणाला, 'मला डाव्या डोळ्याने दिसत नाही.' दुसरा म्हणाला, 'पोटात गोळा आहे.' धोंडभट वैद्य म्हणाले, 'मला झोप नाही.' ऐसी दोनशे माणसे, एकामागून एक, आपापले सांगू लागली, आणि मी लिहिता लिहिता थांबलो, कारण ज्या दौलतीस मी धडधाकट समजत होतो तीत धडधाकट माणूस सापडेना.

येणेप्रमाणे हकीकत. दावलाने लवंगेच्या तेलात भिजविलेली पट्टी त्या भोकात बसविली, राजांस त्याच संध्याकाळी उतार पडला, आणि महिन्यात हाड भरून आले. शिदोपंत आता बसून कारभार पाहतात, आणि राजे बोलतात, कधी फार बोलतात. दरबारात पूर्वीपेक्षा गलका अधिक आहे, कोणी खोकतो, कोणी पाय चोळतो, शोभा राहिली नाही, हे खरे. या चाकरासही दमा आहे, तो येथे प्रथमच लिहितो. लेखनसीमा.